कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत : कॅलिफोर्नियातल्या ट्रान्सफरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्युपर्टिनो, फ्रीमाँट, सॅन होजे या पट्ट्यातल्या मराठी घरांत दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या कॉलेज-प्रवेशाचे निकाल हाती आले की, एक जुनी चर्चा नव्याने सुरू होते. हव्या त्या युनिव्हर्सिटीत नंबर लागला नाही, किंवा लागला पण खर्च झेपणारा नाही. मग कोणीतरी म्हणतं, "डी अँझाला घाला, दोन वर्षांनी ट्रान्सफर होईल." (डी अँझा हे क्युपर्टिनोतलं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज.) होतं, हे खरं. पण आपोआप होत नाही. कोणते कोर्स, कोणत्या क्रमाने आणि कधी घेतले यावर सगळं ठरतं. म्हणून खालच्या उत्तरांचा भर त्यावरच आहे. इथली माहिती कॅलिफोर्नियातल्या सरकारी व्यवस्थेपुरती आहे. दुसऱ्या राज्यांचे नियम वेगळे असतात.

दोन वर्षांत नेमकं काय पूर्ण करायचं असतं?

ट्रान्सफर होते ती तिसऱ्या वर्षाला, म्हणजे ज्युनिअर म्हणून. त्यासाठी ट्रान्सफरला चालणारे ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट लागतात. (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट मोजायचं माप; सेमिस्टर पद्धतीत वर्षाला दोन मुख्य सत्रं, क्वार्टर पद्धतीत तीन.) पहिल्या वर्षानंतरच उडी मारायचा बेत बहुतेक वेळा फसतो, कारण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यापुढे यूसी) दुसऱ्या वर्षाला सहसा कोणाला घेत नाही.

या साठात तीन प्रकारचे कोर्स मिसळलेले असतात : तुमच्या मेजरची (म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाची) पूर्वतयारी, जनरल एज्युकेशन म्हणजे सगळ्यांना लागणारे सर्वसाधारण विषय (जीई), आणि युनिटची भरती करणारे इतर कोर्स. लोक या तिन्हींना सारखंच वजन देतात आणि घोळ तिथे सुरू होतो.

मग सुरुवात कुठून करायची?

शेवटाकडून. आधी कोणतं मेजर, मग कोणते तीन-चार कॅम्पस, आणि त्यांना काय हवं याची यादी. त्यानंतर त्या कॅम्पसची यादी आपल्या कॉलेजच्या कोर्सना जुळवून सत्रांमध्ये मांडायची. पहिल्या सत्रात "कोणत्या वर्गात जागा शिल्लक आहे" हे पाहून कोर्स उचलणारी मुलं दीड वर्षाने भेटतात, तेव्हा त्यांच्याकडे युनिट भरपूर असतात आणि फिजिक्स सुरूही झालेलं नसतं.

असिस्ट म्हणजे काय? ते कसं वाचायचं?

असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत साइट आहे. राज्यातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांपैकी कोणत्याही कॉलेजचा कोर्स यूसी किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या (म्हणजे कॅल स्टेटच्या) कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा धरला जातो, ते तिथे दिसतं. वर्ष, आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस, मेजर एवढं निवडलं की दोन रकाने उघडतात. एका बाजूला युनिव्हर्सिटीचा कोर्स, दुसऱ्या बाजूला तुमचा.

वाचताना तीन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे 'अँड' आणि 'ऑर'. युनिव्हर्सिटीच्या एका कोर्ससाठी कधी तुमच्याकडचे दोन कोर्स मिळून लागतात; एकच घेतला तर पदरात काहीच पडत नाही. दुसरी, समोरचा रकाना रिकामा असून तिथे 'आर्टिक्युलेशन नाही' अशा अर्थाची ओळ असते. म्हणजे तो कोर्स तुमच्या कॉलेजात नाही, किंवा असला तरी त्या कॅम्पसने मान्य केलेला नाही. तो शेजारच्या कॉलेजात मान्य असेल तर तिथे जाऊन घेता येतो. एका वेळी दोन कॉलेजांत नाव घालणं इथे अगदी सर्रास चालतं. तिसरी, अगदी वर किंवा तळाशी असलेला मजकूर. कोणते कोर्स 'आवश्यक', कोणते 'जोरदार शिफारस' आणि ग्रेड किमान किती, हे तिथेच लिहिलेलं असतं. चुरशीच्या मेजरसाठी शिफारस केलेले कोर्सही आवश्यकच समजा, असा माझा सल्ला आहे.

यूसीच्या बर्कली कॅम्पसला जुळणारा कोर्स तिच्याच सॅन डिएगो कॅम्पसला जुळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक कॅम्पसचं पान वेगळं काढून शेजारी शेजारी ठेवा आणि सगळीकडे लागणारे कोर्स आधी घ्या.

जीई आधी उरकून टाकलं तर?

हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि विज्ञान-इंजिनिअरिंगच्या मुलांचं नुकसानही यानेच होतं.

२०२५च्या फॉलपासून, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सत्रापासून, नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी 'कॅल-जीईटीसी' नावाचा जीईचा एकच आराखडा आहे. आधीचा 'आयजीईटीसी' त्यापूर्वी दाखल झालेल्या आणि खंड न पडू दिलेल्या विद्यार्थ्यांपुरता उरला आहे. कॅल-जीईटीसीत ११ कोर्स, किमान ३४ सेमिस्टर युनिट : इंग्रजी लेखन, क्रिटिकल थिंकिंग, भाषणकौशल्य, गणित, कला आणि मानव्यविद्येचे दोन, सामाजिक शास्त्रांचे दोन, भौतिक आणि जीवशास्त्राचा एकेक (पैकी एकाला प्रयोगशाळा हवी), आणि एथनिक स्टडीज.

इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र अशा मेजरसाठी हा आराखडा पूर्ण करून जाणं उत्तम. तिथे पूर्वतयारीचे कोर्स मोजके असतात आणि युनिव्हर्सिटीत गेल्यावर जीईची कटकट राहत नाही. इंजिनिअरिंगचं उलटं आहे. तिथे गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग यांतच दोन वर्षं भरतात आणि यूसीची इंजिनिअरिंग कॉलेजं अर्ज वाचताना आधी तेच पाहतात. जीई अर्धवट राहिलं तर पुढे पूर्ण करता येतं. मात्र यूसीची किमान अट म्हणून सात कोर्स सगळ्यांनाच लागतात : इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि उरलेले चार किमान दोन वेगवेगळ्या विषयगटांतून. सातही ठिकाणी सी किंवा वरची ग्रेड हवी. कॅल स्टेटला इंग्रजी लेखन, भाषण, क्रिटिकल थिंकिंग आणि गणित हे चार काही झालं तरी हवेतच. त्यांना सगळे 'गोल्डन फोर' म्हणतात.

मुलाला कम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग करायचंय. पहिल्याच सत्रात काय घ्यावं?

गणित. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा.

डी अँझाचंच उदाहरण घ्या. तिथे कॅल्क्युलस चार क्वार्टरांत विभागलेलं आहे, मॅथ १ए ते १डी. त्यानंतर २ए म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्स आणि २बी म्हणजे लिनिअर अल्जिब्रा. कॅल्क्युलसच्या प्रत्येक कोर्सला आधीचा कोर्स पास झालेला लागतो. आता मोजा. दोन शैक्षणिक वर्षांत फॉल, विंटर, स्प्रिंग धरून सहा क्वार्टर. पहिल्या फॉलला १ए सुरू केलं तर दुसऱ्या फॉलला १डी येतं आणि उरलेले दोन विंटर-स्प्रिंगमध्ये बसतात. म्हणजे एकही क्वार्टर फुकट घालवायला जागा नाही. त्यातच फिजिक्सची ४ए ते ४डी ही दुसरी साखळी. तिचा पहिला कोर्ससुद्धा कॅल्क्युलस सुरू झाल्याशिवाय मिळत नाही. पहिल्या क्वार्टरला "जरा रुळू दे" म्हणून गणित टाळलं, तर फिजिक्सही मागे जातं आणि दोन वर्षांचा बेत अडीच-तीन वर्षांवर जातो.

हायस्कूलचं कॅल्क्युलस झालं असेल आणि एपी परीक्षेत (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेत) चांगले गुण असतील तर १ए किंवा १बी वगळून पुढे जाता येतं. तसं जायचं की नाही, हे मुलाच्या तयारीवर ठरवा. पाया कच्चा असताना पुढच्या वर्गात बसून सी आणण्यापेक्षा मागच्या वर्गात ए आणलेला बरा. पण एक लक्षात ठेवा : एपीचं क्रेडिट घेऊन तोच कोर्स पुन्हा केला तर युनिट एकदाच धरले जातात.

गणित, इंग्रजी लेखन आणि प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स एवढं पहिल्या क्वार्टरला पुरे. चौथा कोर्स एखादा हलका जीई. पाच घेऊन दाखवण्याची हौस दुसऱ्या वर्षी भागवावी.

क्वार्टर आणि सेमिस्टर यांत एवढा काय फरक?

डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात. ओलोनी, मिशन, डायब्लो व्हॅली आणि राज्यातली बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर. एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. यूसीमध्ये बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवाले, बाकीचे क्वार्टरवाले.

युनिटचं रूपांतर सोपं आहे. अडचण होते ती साखळी मध्येच तोडल्यावर. दोन क्वार्टर कॅल्क्युलस डी अँझाला केलं आणि पुढचं सेमिस्टरच्या कॉलेजात, तर मधले काही धडे दोनदा येतात आणि काही कुठेच येत नाहीत. युनिव्हर्सिटीही अशी अर्धी-अर्धी साखळी जुळवून घेईलच असं नाही. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री जिथे सुरू केलं तिथेच संपवा. सुट्टीत दुसऱ्या कॉलेजात घ्यायचं तर इतिहास घ्या, भाषण घ्या.

टॅग म्हणजे हमखास प्रवेश ना?

हो, पण अटी पाळल्या तरच. टॅग म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, यूसीने दिलेली प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सान्ता बार्बरा आणि सान्ता क्रूझ हे सहा कॅम्पस ही हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. सहापैकी एकाच कॅम्पससाठी टॅग भरता येतो. तो १ ते ३० सप्टेंबर या काळात भरायचा, म्हणजे ज्या फॉलला जायचं त्याच्या जवळपास वर्षभर आधी. त्यानंतर नेहमीचा अर्ज वेगळा भरावाच लागतो. टॅग भरला म्हणून निवांत बसलेल्या मुलाचा प्रवेश जातो, कारण नोव्हेंबरचा अर्ज त्याने भरलेलाच नसतो.

प्रत्येक कॅम्पसची जीपीएची (ग्रेडच्या सरासरीची) अट निराळी, आणि काही मेजर हमीतून वगळलेले असतात. उदाहरणार्थ, सान्ता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज टॅग देत नाही. त्या वर्षाचा तक्ता पाहूनच ठरवा. गेल्या वर्षी ताईच्या मुलाला मिळाला होता, या माहितीवर विसंबू नका. ज्याला बर्कलीच हवं त्यानेही टॅग भरून ठेवावा. बाकी कॅम्पसना अर्ज करायला त्याची आडकाठी नसते.

एडीटी डिग्रीचा उपयोग कोणाला?

ज्यांना कॅल स्टेटला जायचंय त्यांना. एडीटी म्हणजे असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर. २०१०च्या कायद्याने सुरू झालेली ही दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतली की कॅल स्टेटच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते आणि पुढे ६० सेमिस्टर युनिटांत पदवी पूर्ण करता येते. हमी संपूर्ण व्यवस्थेतल्या कुठल्यातरी कॅम्पसची आहे, सॅन होजे स्टेटसारख्या ठरावीक कॅम्पसची नव्हे. सॅन होजेचं कम्प्युटर सायन्स हवं असेल तर तिथली चुरस वेगळी.

मेजर अजून ठरलेलं नाही. तर थांबायचं का?

थांबू नका, पण दार बंद करणारे कोर्सही घेऊ नका. इंग्रजी लेखन, स्टॅटिस्टिक्स किंवा कॅल्क्युलस, अर्थशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा प्राथमिक कोर्स हे बऱ्याच ठिकाणी चालतात. कल विज्ञानाकडे असेल तर शंका असली तरी कॅल्क्युलस घ्याच. नंतर अर्थशास्त्राकडे वळलात तरी ते वाया जात नाही. स्टॅटिस्टिक्सवरून इंजिनिअरिंगकडे वळणं मात्र महागात पडतं. पहिल्या वर्षाच्या अखेरीस निर्णय व्हायला हवा, कारण अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरायचे असतात.

एका कोर्समध्ये डी आला. आता?

तो पुन्हा घेता येतो. सी किंवा वरची ग्रेड मिळालेला कोर्स मात्र सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. म्हणून सत्राच्या मध्यावर गाडं घसरताना दिसलं तर मुदतीत 'डब्ल्यू' (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडायचा विचार करा. एखादा डब्ल्यू कोणी फारसा पाहत नाही. प्रत्येक सत्रात एक असेल तर पाहतात. 'पास/नो पास' हा पर्याय मेजरच्या कोर्सला नकोच. यूसी असे जास्तीत जास्त १४ सेमिस्टर युनिट धरते.

यूसीची कागदावरची किमान पात्रता राज्यातल्या रहिवाशांना २.४ जीपीए, बाहेरच्यांना २.८. प्रत्यक्षात चुरशीच्या मेजरला या आकड्यावर काही मिळत नाही.

हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कम्युनिटी कॉलेजचे कोर्स धरतात का?

धरतात, ग्रेडसकट. नववीतल्या उन्हाळ्यात हौसेने घेतलेल्या कोर्समधला डी कॉलेजच्या रेकॉर्डवर राहतो. पालकांनी हे आधी ऐकलेलं बरं. मात्र फक्त असे कोर्स केले म्हणून हायस्कूल संपवणारा मुलगा ट्रान्सफरवाला होत नाही. तो पहिल्या वर्षाचाच उमेदवार राहतो.

भारतात एफवाय झालंय. ते युनिट मिळतील का?

काही मिळू शकतात, पण त्यावर आराखडा उभारू नका. बारावी इथे हायस्कूल धरली जाते. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातलं वर्ष कॉलेज धरलं जातं आणि यूसी ते स्वतः तपासते. गुण कमी होते म्हणून ते वर्ष अर्जात लपवणं सर्वात वाईट. शिकलेली प्रत्येक संस्था नोंदवणं बंधनकारक आहे आणि नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. बी.कॉम. पूर्ण करून आलेल्यांसाठी ही वाटच नव्हे; दुसऱ्या पदवीसाठी यूसी सहसा घेत नाही. त्यांनी मास्टर्सकडे पाहावं.

फी किती? आणि व्हिसाचा काय संबंध?

कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, क्वार्टर युनिटला ३१. साठ युनिटचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. यूसीची नुसती ट्यूशन रहिवाशाला वर्षाला १५ हजारांच्या आसपास आहे. राज्याबाहेरच्याला त्यावर आणखी ३७ हजारांहून जास्त.

रहिवासी ठरायला वर्षाहून एक दिवस जास्त राज्यात राहणं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवणं लागतं. एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्याला ते करता येत नाही, त्यामुळे कम्युनिटी कॉलेजातही त्याला कित्येक पट फी पडते. त्याला दर सत्रात १२ युनिट घ्यावेच लागतात आणि त्यांत ऑनलाइन कोर्स एकच मोजला जातो. आराखडा करताना हे आधी लिहून ठेवा, कारण हवा असलेला कोर्स नेमका ऑनलाइनच असतो. ट्रान्सफर झाल्यावर नवी युनिव्हर्सिटी नवा आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) देते आणि जुन्या कॉलेजातून सेव्हिसचा, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीचा, रेकॉर्ड तिकडे हलवून घ्यावा लागतो.

एच-४वर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्या पालकांच्या आश्रित व्हिसावर, असलेल्या मुलांना रहिवाशाची फी लागू शकते. पण २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. अठराव्या वर्षी कम्युनिटी कॉलेज, विसाव्या वर्षी यूसी आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्यात एकविसावा वाढदिवस, असा हिशोब बऱ्याच घरांत येतो. त्यानंतर एफ-१ घेतल्यावर रहिवासी दर्जा टिकेल असं धरून चालू नका. कम्युनिटी कॉलेजात असतानाच ज्या कॅम्पसला जायचंय तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला. ३७ हजारांचा फरक दोस्तांच्या सल्ल्यावर सोडण्यासारखा नाही.

काउन्सेलरने सांगितलं तेवढं केलं तर पुरे नाही का?

काउन्सेलरकडे जायलाच हवं. ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन केलेल्या नव्या विद्यार्थ्याला नावनोंदणीत आधीचा नंबर मिळतो, आणि भरणाऱ्या वर्गांच्या दृष्टीने तो फार मोलाचा असतो. पण त्यांच्याकडे अर्धा तास असतो आणि तुमच्यासारखी शेकडो मुलं. असिस्टची पानं छापून, सत्रवार कच्चा तक्ता करून घेऊन जा. "मी काय घेऊ?" असं विचारल्यावर ठोकळेबाज उत्तर मिळतं. "हा कोर्स डेव्हिसला चालतो आणि अर्वाइनला नाही, मग कोणता घेऊ?" असं विचारल्यावर काउन्सेलर खुर्ची पुढे ओढतो.

आणि मुलाला एकट्याला जाऊ द्या.

पदवीवर कम्युनिटी कॉलेजचं नाव येतं का?

नाही. पदवी युनिव्हर्सिटीची, नाव युनिव्हर्सिटीचं.

अर्ज कधी भरायचे?

यूसी आणि कॅल स्टेट दोघांचेही अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचे. मुदत नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी संपते. तारीख त्या वर्षाची पाहा. यूसीला चार छोटे निबंध लागतात, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत. त्यांतला एक मेजरच्या तयारीबद्दल आणि सगळ्यांना सक्तीचा. एसएटी लागत नाही. जानेवारीत 'ट्रान्सफर अकॅडेमिक अपडेट' भरून फॉलच्या ग्रेड आणि पुढच्या सत्राचे कोर्स कळवायचे. डिसेंबरात भारतात लग्नाला जाणारी मुलं नेमकी हे विसरतात. निकाल साधारण एप्रिलअखेरपर्यंत येतात आणि होकार १ जूनपर्यंत कळवायचा असतो.

प्रवेश मिळाला. आता स्प्रिंगमधला एखादा कोर्स सोडला तर चालेल?

न विचारता नाही. मिळालेला प्रवेश सशर्त असतो आणि अर्जात लिहिलेले सगळे कोर्स ठरलेल्या ग्रेडने पूर्ण करणं ही त्यातली मुख्य शर्त. अडचण आलीच तर आधी कॅम्पसला कळवा. पर्याय सुचवतात, कधी सवलतही देतात. न सांगता सोडलेल्या कोर्सपायी मात्र जुलैत प्रवेश रद्द केल्याचं पत्र येऊ शकतं.

शेवटची मार्कशीट म्हणजे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचवायची असते. क्वार्टरच्या कॉलेजात स्प्रिंग जूनच्या अखेरीस संपतं, त्यामुळे हाताशी जेमतेम काही दिवस उरतात. मागणी नोंदवताना स्प्रिंगच्या ग्रेड लागल्यावरच पाठवा, हा पर्याय निवडा. नाहीतर शेवटच्या सत्राची जागा कोरी असलेली प्रत जाते आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. आणि ज्या ज्या कॉलेजात एखादा उन्हाळी कोर्स केला असेल त्या प्रत्येकाची ट्रान्सक्रिप्ट वेगळी मागवा.